बेंगळूरचे बाजार आणि शाकाहारी फराळ: हिरव्या मेट्रोच्या कडेने तीन दिवस

बेळगावात रात्री कित्तूरच्या राणी चन्नम्माच्या नावाच्या गाडीत बसायचे आणि सकाळी बेंगळूरला, तिच्याच सेनानी संगोळ्ळी रायण्णाच्या नावाच्या स्थानकावर उतरायचे, म्हणजे 500 हून अधिक किलोमीटरचा प्रवास करूनही जिल्हा सुटल्यासारखे वाटत नाही. तो सुटतो स्थानकाबाहेर, पहिल्या नाष्ट्याला. आपल्याकडे कन्नड बोलणारेही ज्याला नाष्टा म्हणतात, त्याला येथे ‘तिंडी’ म्हणतात. सांबारात गुळाचा गोडवा लागतो, आणि संकेश्वरी मिरचीच्या तिखटावर वाढलेल्या जिभेला पहिले दोन घास काहीतरी राहून गेल्यासारखे वाटतात. आईच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी आम्ही दोघे गेलो होतो. ते काम पहिल्याच दिवशी आटोपले आणि परतीच्या आरक्षणापर्यंतचा वेळ आम्ही बाजार पाहण्यात आणि शाकाहारी उपाहारगृहांत घालवला. सीमाभागातून कामानिमित्त बेंगळूरला जाणाऱ्यांना त्याचा उपयोग व्हावा, म्हणून हा अनुभव मांडत आहे.

सुरुवात मात्र वाईट झाली. मॅजेस्टिक, म्हणजे मुख्य रेल्वेस्थानकाच्या परिसरातील एका मोठ्या, वातानुकूलित हॉटेलात आम्ही पहिल्या दुपारी जेवलो. तेथील खाद्ययादी वहीएवढी जाड होती आणि तिच्यात उत्तर भारतीय, दक्षिण भारतीय, चिनी आणि पावभाजी असे सर्व काही होते. पुऱ्या गार आल्या, कुर्मा आणि पनीरची भाजी यांत रंगाखेरीज फरक नव्हता, आणि बिल पाहून आईने चष्मा काढून पुसला व पुन्हा घातला. त्या जेवणाचा एकच लाभ झाला. पुढचे दोन दिवस आम्ही लांबलचक यादी असलेल्या कोणत्याही हॉटेलात गेलो नाही. बेंगळूरमध्ये जी उपाहारगृहे पिढ्यान्‌पिढ्या नाव टिकवून आहेत, त्यांतील बहुतेकांचे पदार्थ बोटांवर मोजण्याइतके असतात आणि ती एखाद्या जुन्या बाजाराच्या आसपास असतात. त्यामुळे भल्या सकाळी उपाशीपोटी बाजार हिंडावा आणि भूक लागली की शेजारच्या उपाहारगृहात शिरावे, हा क्रम आम्हाला सर्वांत मानवला.

मेट्रोच्या हिरव्या मार्गामुळे हे फार सोपे झाले आहे. संपिगे रोड, मॅजेस्टिक, चिक्कपेटे, कृष्णराजेंद्र मार्केट, नॅशनल कॉलेज आणि लालबाग ही स्थानके याच क्रमाने एका मार्गावर आहेत आणि शहरातील जुने खाणे बव्हंशी त्यांच्या आसपासच सापडते. मॅजेस्टिकजवळ उतरलेल्या पाहुण्याला रिक्षावाल्याशी हुज्जत घालण्याची गरज उरत नाही.

कृष्णराजेंद्र मार्केट, म्हणजे लोकांच्या तोंडचे के. आर. मार्केट, हे 1928 चे. म्हैसूरचे महाराज कृष्णराज वाडियार यांचे नाव त्याला आहे. येथे पहाटेच जावे, कारण फुलांचा व्यापार उजाडण्यापूर्वी भरात येतो आणि ऊन चढले की ओसरतो. वरच्या मजल्याच्या सज्जातून खाली पाहिले, तर शेवंतीचे पिवळे, पांढरे आणि झेंडूचे केशरी ढीग, त्यांच्यामधून डोक्यावर टोपल्या घेऊन वाट काढणारे हमाल आणि सुतळीच्या गुंडाळीसारखे रचलेले मोगऱ्याचे व अबोलीचे गजरे एका नजरेत मावतात. खाली उतरल्यावर मात्र चिखल, सडलेल्या पानांचा वास आणि पाठीमागून येणारे धक्के सोसावे लागतात, म्हणून चांगल्या चपला घालून जाऊ नये.

गजरा येथे वजनावर मिळत नाही. तो ‘मोळा’वर विकतात. मोळ म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर, आपल्या जुन्या मापातला हात. विक्रेती आपल्याच हाताने मोजते. आमची विक्रेती अठरा-वीस वर्षांची, चणीने लहान होती. तिने कोपर दुमडून दोन मोळ भराभर मोजले आणि कात्री उचलली, तेवढ्यात आईने आपल्या बेळगावी कन्नडमध्ये तिला थांबवले आणि “तुझा हात केवढासा, माझ्या हाताने मोज की,” असे म्हणून स्वतःचा हात पुढे केला. मुलगी खळखळून हसली, शेजारच्या गाळ्यावरची बाईही हसली. माप विक्रेतीच्याच हाताचे राहिले, पण वर चार बोटे गजरा जास्त मिळाला. आईच्या बोलण्यातला उत्तर कर्नाटकी आदरार्थी ‘री’ ऐकून त्या दोघींनी आम्ही हुबळीकडचे का, असे विचारले. बेंगळूरच्या माणसाला धारवाडच्या पलीकडचे सगळे हुबळीच वाटते.

खाण्याच्या दृष्टीने के. आर. मार्केटला फारसे गुण देता येत नाहीत. हा भाग पाहण्याचा आहे. त्याच्या उत्तरेकडील जुन्या पेठांच्या नावांतच धंदे आहेत. अक्किपेटे तांदळाची, बळेपेटे बांगड्यांची. आपल्या बेळगावच्या रविवार पेठेत धान्याच्या पोत्यांमधून वाट काढण्याची सवय असणाऱ्याला या गल्ल्या अजिबात परक्या वाटत नाहीत. 1638 मध्ये विजापूरच्या फौजेने हे शहर घेतल्यावर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, हे त्या गर्दीतून चालताना आठवावे, पण खिशाकडेही लक्ष असू द्यावे.

दुसऱ्या सकाळी आम्ही बसवनगुडीतील गांधी बाजारात गेलो आणि माझे मत विचाराल, तर एकच बाजार पाहण्याइतका वेळ असलेल्याने हाच पाहावा. रस्ता रुंद आहे, झाडी आहे, आणि फळे, फुले, केळीची पाने, विड्याची पाने व पूजेचे साहित्य मांडून बसलेले विक्रेते गिऱ्हाइकाच्या मागे लागत नाहीत. जवळच दोड्ड गणपती आणि मोठ्या नंदीचे देऊळ आहे, आणि कार्तिकाच्या शेवटच्या सोमवारी तेथे ‘कडलेकाई परिशे’ म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. शेंगा वेचत वाढलेल्या आपल्या भागातील माणसाने त्या सुमारास काम काढून जावे. आम्ही गेलो तेव्हा जत्रा नव्हती. तरीही एका म्हातारीकडे उकडलेल्या शेंगा मिळाल्या आणि त्यांत मीठ बेताचे होते.

याच रस्त्यावर 1943 पासून चालत आलेले ‘विद्यार्थी भवन’ आहे. नावाप्रमाणेच ते विद्यार्थ्यांच्या फराळासाठी सुरू झाले होते. सुट्टीच्या दिवशी दारात नाव सांगून थांबावे लागते आणि शुक्रवारी ते बंद असते, हे लक्षात ठेवून जावे. आत बसण्याची जागा मोजकी असल्याने अनोळखी माणसांच्या शेजारी बाकावर बसणे ओघानेच येते. येथे मागवण्याचा पदार्थ एकच, मसाला डोसा. तो कागदासारखा पातळ नसतो. बाहेरून गडद तांबूस व कुरकुरीत, आतून मऊ आणि जाडसर असतो, आणि तुपाचा वास ताट टेबलावर येण्याआधी येतो. सोबत सांबार नाही. पातळसर, पांढरी चटणी वाढपी ताटात ओततो आणि पुन्हापुन्हा विचारून वाढतो. वाढप्यांचे कसब पाहण्यासारखे आहे. डोशांच्या बशा मनगटापासून दंडापर्यंत उतरंडीसारख्या रचून ते टेबलांमधून येतात आणि वरची बशी बरोबर ज्याच्या समोर हवी त्याच्या समोर उतरते. आईला डोसा आवडला, पण भाजी तिला मिळमिळीत वाटली. चटणी मात्र तिने तीनदा घेतली.

शंकरमठाजवळील ‘ब्राह्मिन्स कॉफी बार’ बसवनगुडीपासून फार लांब नाही. 1965 पासूनचे हे ठिकाण म्हणजे फुटपाथवर उभे राहून खाण्याची जागा. इडली, वडा, खारा भात, केसरी भात आणि कॉफी-चहा, एवढ्यात यादी संपते. ‘भात’ या शब्दाने आपल्या माणसाची फसगत होते, कारण खारा भात म्हणजे मसाला घातलेला उपमा आणि केसरी भात म्हणजे शिरा. दोन्ही एकाच बशीत घेतले की त्याला ‘चौ चौ भात’ म्हणतात. सांबार येथेही नाही, आणि मला विचाराल तर त्याची आठवणही होत नाही. इडली इतकी मऊ की चटणीत बुडवताना बोटांनी सांभाळावी लागते, आणि ती चटणी देणारा माणूस हात आखडत नाही. आईला उभे राहून खाणे जड जात होते. तिने दुकानाच्या कडेच्या पायरीवर बैठक मारली, आणि कोणीही तिला उठवले नाही. गुडघेदुखी असलेल्या वडीलधाऱ्यांना घेऊन जाणाऱ्यांनी ही अडचण लक्षात घ्यावी. शहरभर पसरलेल्या, 1980 च्या दशकात सुरू झालेल्या ‘दर्शिनी’ पद्धतीच्या उपाहारगृहांतही हीच अडचण येते. तेथे आधी पैसे भरून चिठ्ठी घ्यावी, ती स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर द्यावी आणि बशी घेऊन उंच टेबलाशी उभे राहावे. घाईच्या माणसाला यापरते सुख नाही.

लालबागेजवळच्या ‘एम. टी. आर.’ची कीर्ती आपल्याकडे डब्यातल्या पिठांमुळे पोहोचली आहे. 1924 चे हे मावळ्ळी टिफिन रूम्स उडुपीकडच्या मय्या बंधूंनी काढले. रवा इडली ही त्यांचीच देणगी. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेना, तेव्हा रव्याची इडली करून पाहण्यात आली आणि ती टिकली. काजू, मोहरी, कढीपत्ता यांनी सजलेली ती इडली सोबतच्या पातळ तुपासह खावी, सांबारात बुडवू नये. चांदीच्या पेल्यातली कॉफीही प्रसिद्ध आहे. माझ्या मते येथे दुपारच्या भरगच्च जेवणापेक्षा सकाळचा फराळ अधिक उजवा.

तिसऱ्या सकाळी मल्लेश्वरम. आठव्या क्रॉसच्या बाजारात भाजी, फुले आणि घरगुती पापड-लोणची यांची रेलचेल असते. जवळच काडू मल्लेश्वराचे देऊळ आहे आणि ते शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजांनी बांधले, असे सांगितले जाते. आईने तेथे बराच वेळ हात जोडले, आणि मग आम्ही ‘सी. टी. आर.’ (सेंट्रल टिफिन रूम) या उपाहारगृहाकडे वळलो. येथील ‘बेण्णे मसाला’ म्हणजे लोणी डोसा, पण आपल्या डोळ्यांसमोर येणारा दावणगेरेचा लोणी डोसा नव्हे. दावणगेरेच्या पिठात चुरमुरे असतात, तो फिकट आणि लुसलुशीत होतो, वर पांढऱ्या लोण्याचा गोळा. मल्लेश्वरमचा डोसा तांबूस, कडक आणि लोण्याने चकाकणारा असतो. पहिल्या दोन घासांना मी विद्यार्थी भवनाला विसरलो होतो. संपताना मात्र हात इतका तुपकट झाला की पुन्हा तिकडचाच डोसा बरा वाटू लागला.

संध्याकाळी व्ही. व्ही. पुरमच्या सज्जनराव सर्कलजवळची खाऊगल्ली, म्हणजे ‘तिंडी बीदी’, पाहिली. गर्दी, आरडाओरड आणि धूर सहन होत असेल, तरच जावे. तरीही एका गाड्यापुढे आम्ही पाऊण तास उभे होतो, कारण तेथे ‘ओब्बट्टू’ होत होते. आपण पुरणपोळी पिठी लावून लाटतो. येथे हळद घातलेली, तेलात मुरवलेली मैद्याची कणीक हाताच्या तळव्यावर पसरतात, पुरणाचा गोळा आत मिटतात आणि तेल लावलेल्या पानावर बोटांनी थापत थापत पोळी वाढवत नेतात, लाटणे कोठेही नाही. पान उलटे करून पोळी तव्यावर सोडली की ते अलगद सुटते. पुरण तुरीच्या डाळीचे किंवा नारळाचे असते. आईने पुरणात वेलदोडा कमी आहे, असा शेरा मारला आणि दुसरी मागवली. हिवाळ्यात याच भागात ‘अवरेकाई’ म्हणजे ओल्या पावट्यांची धूम असते. आपण डाळिंब्यांना मोड आणतो. येथे ओले दाणे भिजवून चिमटीत पिळतात, की आतला दाणा उडी मारून सालातून बाहेर येतो. ते सोललेले दाणे उपम्यापासून डोशापर्यंत सगळीकडे घालतात.

तीन दिवसांत भाकरीची आठवण मात्र आली. उत्तर कर्नाटकी पद्धतीच्या खानावळी येथे आहेत आणि ‘जोळद रोट्टी’ अशी पाटी दिसली की आपली पावले तिकडे वळतात, परंतु 500 किलोमीटर दूर येऊन शेंगाचटणी आणि झुणकाच खायचा असेल, तर ती भूक घरीच भागवलेली बरी.

परतताना गांधी बाजाराकडील एका कॉफीच्या दुकानातून अर्धा किलो पूड घेतली. दुकानदार आधी चिकोरी किती टक्के घालायची, असे विचारतो, आणि नवख्याने 80 भाग कॉफी व 20 भाग चिकोरी असे सांगितले तर चूक होत नाही. पूड समोर दळून मिळाली आणि तिच्या वासाने रात्रभर आमचा डबा दरवळत होता. घरी आल्यावर आईने ती चहाच्या गाळणीतून गाळली, तेव्हा पेल्याच्या तळाशी बोटभर गाळ बसला. फिल्टर तेथेच, चिक्कपेटेतील भांड्यांच्या दुकानातून घ्यायला हवा होता. बारीक छिद्रांचा, वरखाली दोन भांड्यांचा, स्टीलचा छोटा फिल्टर दोघांना पुरतो.