आग्र्याचं अस्वल संवर्धन केंद्र

सूर सरोवर पक्षी अभयारण्यातलं हे केंद्र वाइल्डलाइफ एसओएस ही वन्यप्राणी वाचवणारी संस्था आणि उत्तर प्रदेश वन विभाग मिळून चालवतात. इथली बरीचशी अस्वलं दरवेशांच्या खेळातून सुटलेली आहेत. पिल्लू असतानाच तापल्या सळईने नाकाला आरपार भोक पाडून दोरी ओवायची आणि सुळे तोडायचे, ही जुनी रीत. म्हणून उपचार तोंडापासूनच सुरू होतात. मोडक्या सुळ्यांची मुळं हिरडीत सडतात आणि पू धरतात. ती भूल देऊन काढावी लागतात. शिवाय क्षयरोगाचा (टीबीचा) धोका, म्हणून नवं अस्वल आधी वेगळं ठेवतात.

आम्हाला सर्वांत पटली ती रक्त घ्यायची पद्धत. मधाच्या आमिषाने अस्वल आपणहून पंजा जाळीबाहेर देतं. जबरदस्ती नाही, दरवेळी भूल नाही. आयुष्यभर काठीच्या धाकात नाचलेल्या जनावराने असा विश्वास टाकावा, यातच सगळं आलं! खाणं लाकडाच्या ओंडक्यांत, भोकांत दडवतात, कारण वाळवी हुडकणाऱ्या या प्राण्याला रिकामपण सोसत नाही. रिकामं राहिलं की ते तासन्‌तास डोलत राहतं.

दात आणि जंगलात जगायची शिकवण दोन्ही गेल्याने यांना जंगलात सोडता येत नाही. जायचं तर आधी नोंदणी करा. अस्वलाला हात लावता येत नाही, आणि तेच योग्य आहे.