द ग्लोरी: सूड संथ आचेवर शिजतो, शेवटी जरा करपतो

पावसाळ्यात नाशिककर घरी अडकला, की 16 भागांची ही कोरियन नेटफ्लिक्स मालिका दोन शनिवार-रविवारांत संपते. पहिले 8 भाग डिसेंबर 2022 मध्ये आले, उरलेले मार्च 2023 मध्ये. आठव्यावर थांबू नका, गोष्ट तिथे तोडलेली आहे.

शाळेत छळलेली मुलगी, मून दोंग-उन, मोठी होऊन छळणारीच्याच मुलीची वर्गशिक्षिका बनते. लेखिका किम उन-सूक यांनी सूडाची चाल 'बादुक' (म्हणजे 'गो') या पटावरच्या खेळावर बेतली आहे. त्यात सोंगटी मारायची घाई नसते. चारी बाजूंनी घेरून श्वासाची जागा बंद करायची. म्हणून इथे आरडाओरडा कमी, पुरावे जमवणं जास्त. दोंग-उन साकारणारी साँग हे-क्यो चेहरा जवळजवळ हलवत नाही, आणि त्यामुळेच ती एकदा हसते तेव्हा अंगावर काटा येतो. लिम जी-यनची यन-जिन, म्हणजे ती छळणारी, तर खलनायिका म्हणून अव्वल. टीव्हीवर हवामानाचा अंदाज सांगतानाचा तिचा तो गोड आवाज घरी कसा फाटतो, ते बघाच.

उणिवा? उत्तरार्धात योगायोग फार. खलमंडळी एकमेकांचाच काटा काढतात, नायिकेचं काम आयतं होतं. नायिकेला साथ देणाऱ्या डॉक्टरची प्रेमकथा फिकी, त्याच्या वडिलांच्या खुनाचं उपकथानक शेवटी घाईत उरकलंय.

पहिल्या भागात केस सरळ करायच्या तापल्या यंत्राने चटके देण्याचं दृश्य आहे. मुलांसमोर लावू नका. आवाज मूळ कोरियनच ठेवा, सबटायटल्स पुरतात.