फिजिक्ससोबत गणित ठेवावं का? दादरच्या एका क्लासचा अनुभव

लेकीला अकरावीत गणित सोडायचं होतं, फिजिक्स ठेवायचं होतं. दादर स्टेशनजवळच्या एका छोट्या क्लासात तिला तीन डेमो लेक्चरला बसवलं. सरांनी लोकलचं उदाहरण घेतलं: अंतराचा आलेख, त्याचा चढ म्हणजे वेग, वेगाचा चढ म्हणजे त्वरण. बोर्डाच्या फिजिक्समध्ये डेरिव्हेटिव्ह (म्हणजे हाच चढ काढण्याची रीत) दुसऱ्याच धड्यात येतं, गणितात मात्र थेट पुस्तकाच्या दुसऱ्या भागात. म्हणून सर कॅल्क्युलस, म्हणजे डेरिव्हेटिव्ह ज्यात येतं ते गणित, आधीच शिकवतात. हे मला फार पटलं. घरी येताना लेक म्हणाली, "आई, सूत्र कुठून आलं ते कळलं गं!" गणित ठेवलं.

बॅच मात्र मोठी आहे, शंका विचारायला रात्रीचे नऊ वाजतात. विरार-कल्याणच्या पालकांनी सकाळचीच बॅच मागावी.