त्याच्या सुस्तीला आम्ही झोप समजलो

ज्या मोफत तपासणीच्या शिबिरात आम्ही फसलो, तेच शिबिर पुढच्या महिन्यात शिरपूरकडे भरणार असल्याचं एका नातेवाइकाकडून कळलं, म्हणून लिहायला बसले. आमच्यावर जे गुदरलं ते दुसऱ्या कुणाच्या लेकरावर येऊ नये.

माझा सोनू सहा वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे. आम्ही चोपडा तालुक्यात राहतो. रात्री एक-दीडला तो उठायचा आणि उजाडेपर्यंत घरभर फिरायचा. दोनदा कडी काढून रस्त्यावर गेला, तेव्हापासून त्याच्या मागे कुणीतरी जागं हवंच. दिवसा शेत, रात्री हे. वर्षभर असं निघालं की माणूस कुणाच्याही शब्दावर विसंबतो.

मंगल कार्यालयात मोफत तपासणी होती. पांढरा कोट घातलेल्या माणसाने सोनूचे थोडे केस कापून पाकिटात घातले. आठ दिवसांनी रंगीत फाइल हातात आली: शिसं जास्त, जस्त कमी, व्हिटॅमिन डी जवळजवळ नाहीच. डी तपासायला रक्त लागतं, केसांवरून ते कळत नाही, हे मला फार उशिरा समजलं. तीन महिन्यांचा कोर्स, 28,500 रुपये. कापसाचे पैसे नुकतेच हाती आले होते. ह्यांनी मोबाइलवरून पाठवले, तेही दुकानाच्या नव्हे, एका माणसाच्या खात्यावर. बिल मागितलं तर म्हणाले, कोर्स संपला की एकदम देऊ.

खोक्यात पिवळसर पावडरचा डबा होता आणि काचेच्या छोट्या बाटल्या, रोज एक. डब्यावर आत काय आहे ते लिहिलेलं नव्हतं आणि खाण्याच्या पाकिटावर असतो तो 14 आकडी परवाना क्रमांकही नव्हता. बाटलीवर बारीक अक्षरात 60,000 छापलं होतं. मी ते वाचलं होतं. वाटलं, जास्त आहे म्हणजे चांगलंच असणार.

सोनू मोजके चार पदार्थ खातो: वरणाचं पाणी, दुधात कुस्करलेली कळण्याची भाकर, एका प्रकारचं बिस्कीट आणि केळं. रोज संध्याकाळी शिबिरवाल्यांच्या एका बाईंचा फोन यायचा. त्या म्हणाल्या, "ताई, त्याला सगळ्यात जास्त जे आवडतं ना, त्यातच लपवून द्या." मी केळं कुस्करून त्यात पावडर कालवली. दोन दिवस त्याने खाल्लं. तिसऱ्या दिवशी ताटली नाकाजवळ नेली, वास घेतला आणि हळूच लांब सरकवली. त्यानंतर सालासकट अख्खं केळं दिलं तरी तो तोंड फिरवू लागला. आमच्याकडे घराबाहेर पडलं की केळीचेच मळे, आणि माझ्या पोराच्या ताटातून केळं गेलं. चारातला एक पदार्थ गेला की काय होतं, ते अशा मुलांच्या आयांनाच विचारा.

मग ह्यांनी हात धरायचे आणि मी नाक दाबून चमच्याने घालायचं. ते मी केलं. त्याचे डोळे मला अजून दिसतात.

चौथ्या आठवड्यात तो रात्रभर झोपला. सासूबाई अंगणात जाऊन सगळ्यांना सांगत होत्या, "पोऱ्या झोपना व माय!" मारुतीला नारळ फोडला. दोन-तीन दिवसांत तो दिवसाही पडून राहू लागला. तांब्यावर तांबे पाणी प्यायचा, सारखी लघवी, पाच दिवस शौचाला नाही, मग उलट्या. फोनवरच्या बाई म्हणाल्या, विष बाहेर पडतंय, आता थांबवलं तर मूल मागे जाईल, आणि डॉक्टरांना दाखवू नका, ते घाबरवतात. या शेवटच्या वाक्याला मी फोन ठेवून द्यायला हवा होता. मी आणखी चार दिवस बाटल्या दिल्या.

जळगावच्या बालरोगतज्ज्ञांनी पिशवीतली बाटली उचलली आणि एवढंच विचारलं, "ही आठवड्याला एक देता की रोज?" एवढ्या मुलाला दिवसाला साधारण 600 युनिट डी पुरतं. 60,000 ची बाटली कमतरता असेल तर ठरावीक आठवडेच, आठवड्यातून एकदा द्यायची असते. आम्ही रोज देत होतो, शंभरपट. त्याने रक्तातलं कॅल्शियम वाढलं होतं. तहान, बद्धकोष्ठ, उलट्या सगळं त्याचंच, आणि ज्या झोपेसाठी आम्ही नारळ फोडला ती त्या आजाराची सुस्ती होती. सलाइन लावलं. डी चरबीत साठून राहतं, त्यामुळे घरी आल्यावरही कितीतरी आठवडे रक्त तपासत राहावं लागलं.

तिथेच नीट तपासणी झाली. शरीरातलं लोह खरंच कमी निघालं, आणि लोह कमी असलं की झोपेत पाय अस्वस्थ राहतात, मूल सारखं जागं होतं. आता मोजून लोहाचं औषध चालू आहे, तेही लपवून नाही. बिनसुईची सिरिंज आधी त्याला दाखवते, तीन आकडे मोजते, गालाच्या आत थोडं सोडते, मग पाणी. पहिले पंधरा दिवस नुसतं पाणीच दिलं, सिरिंजची भीती जावी म्हणून. सकाळी उठायची वेळ एकच, अंधार पडल्यावर मोबाइल बंद, तीच गोधडी, पंख्याचा तोच आवाज. मेलाटोनिन या झोपेच्या औषधाचंही विचारलं होतं. लागलं तर बघू, पण मनाने आणून देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं. रात्री तो अजून उठतो, पण आठवड्यातून दोनदा-तीनदा.

ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, तक्रार नोंदवली आहे. बिल नसल्याने पैसे पाठवल्याची नोंद आणि बाटल्यांचे फोटो एवढंच हाती आहे. तुमच्याकडे अशी खोकी आली असतील तर ती फेकू नका. बाटलीवरचा आकडा वाचा, रोज किती दिली ते कागदावर लिहा आणि खोकं घेऊन आजच बालरोगतज्ज्ञांकडे जा. मूल फार पाणी पीत असेल, उलट्या होत असतील किंवा दिवसा पडून राहत असेल तर उद्याची वाट बघू नका.