छोटा छेद की उघडी छाती: हृदयावरील दोन उपचारांचे परीक्षण
वडिलांची बायपास छाती उघडून झाली आणि आत्याच्या महाधमनीची झडप जांघेतून नेलेल्या कॅथेटरने, म्हणजे रक्तवाहिनीतून सरकवलेल्या बारीक लवचीक नळीने, बदलण्यात आली. दोघांचीही शुश्रूषा केल्यामुळे या उपचारांविषयी लिहावेसे वाटते.

बरे होण्याच्या वेगापुरते पाहिले, तर तुलनाच होऊ शकत नाही. बायपासमध्ये छातीचे मधले हाड कापून नंतर तारांनी जोडतात, आणि ते सांधेपर्यंत सहा ते आठ आठवडे, कधी त्याहूनही अधिक काळ, रुग्णाला जड उचलणे वा हातांवर भार देऊन उठणे वर्ज्य असते. खोकतानासुद्धा वडील उशी छातीशी घट्ट धरत. आत्या मात्र दुसऱ्याच दिवशी आधाराने चालू लागली. फ्रान्समध्ये आलँ क्रिबिये यांनी २००२ साली कॅथेटरने अशी झडप प्रथम बसवली, ती शस्त्रक्रिया सोसू न शकणाऱ्या रुग्णासाठी. आत्यासारख्या वृद्धांसाठी मी हा उपचार निःसंकोच सुचवेन, मात्र नंतर पेसमेकर बसवावा लागण्याची शक्यता त्यात अधिक असते, हे आधीच समजून घ्यावे.

तरीही त्वचेवरचा छेद किती लहान, यावरून आतली दुरुस्ती किती टिकेल हे ठरत नाही, आणि नातेवाईक नेमके येथेच फसतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रीडम चाचणीत, मधुमेह असून अनेक धमन्यांत अडथळे असलेल्या रुग्णांमध्ये, स्टेंटच्या (कॅथेटरने अडथळ्याच्या जागी बसवलेल्या जाळीदार नळीच्या) तुलनेत बायपासनंतर मृत्यू आणि हृदयविकाराचे झटके कमी आढळले. पक्षाघाताचे प्रमाण मात्र बायपासनंतर अधिक होते. वडिलांना मधुमेह आहे, त्यामुळे ते कष्टाचे आठवडे मला आजही सार्थ वाटतात.

बरगड्यांमधल्या लहान छेदातून होणारी झडपेची शस्त्रक्रिया ही तिसरी वाट. तिच्यात हाड शाबूत राहते, पण हृदय व फुप्फुसांचे काम तात्पुरते करणारे हार्ट-लंग मशीन बहुधा लागतेच आणि हृदय थांबवण्याचा वेळ वाढू शकतो, म्हणून शल्यविशारदाचा या पद्धतीतील अनुभव अवश्य विचारावा.

रुग्ण तरुण असेल, तर आणखी एक प्रश्न मी सर्वांत आधी विचारेन: कॅथेटरने बसवलेली जैविक (प्राण्यांच्या ऊतींपासून बनवलेली) झडप कालांतराने झिजली, तर तिच्या आत दुसरी बसवण्याइतकी जागा उरेल का, आणि ती बसवताना हृदयधमन्यांची तोंडे मोकळी राहतील का?