आकाशवाणी की पॉडकास्ट?

पावसाळ्यात गोव्यात साखळी-वाळपईकडे वीज गेली की सेलवरचा ट्रान्झिस्टरच खरा. ना डेटा, ना चार्जर. पणजी केंद्राची मुळंही जुनी: पोर्तुगीज काळातलं ‘एमिसोरा द गोवा’ १९६१ च्या मुक्तीनंतर आकाशवाणीत आलं. अडचण एकच, वेळ त्यांची. बातम्या चुकल्या की चुकल्या.

पॉडकास्टने, म्हणजे इंटरनेटवरून उतरवून हवा तेव्हा ऐकायच्या कार्यक्रमाने, नेमकी हीच गाठ सोडवली. २००१ च्या सुमारास डेव्ह वायनर या अमेरिकी प्रोग्रामरने आरएसएस फीडला (संकेतस्थळावर नवं काय आलं ते आपोआप कळवणाऱ्या यादीला) ऑडिओ फाइल जोडायची सोय केली. २००४ मध्ये अ‍ॅडम करी या माजी टीव्ही निवेदकाने नवे भाग आपोआप आयपॉड या खिशातल्या म्युझिक प्लेअरवर उतरवून दाखवले, आणि जून २००५ मध्ये अ‍ॅपलने आयट्यून्स या आपल्या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉडकास्टना जागा दिली. परवानगी लागत नाही, टॉवर लागत नाही. फोन आणि बरा माइक पुरे. (बोलायला काहीतरी असावं लागतं, हे बरेच जण विसरतात!)

चोर्ला घाटात रेंज जाते, पण घरच्या वायफायवर उतरवलेला भाग चालूच राहतो. कीर्तनावर किंवा जत्रेतल्या नाटकांवर तासभर निवांत गप्पा ऐकायच्या तर मी पॉडकास्टच निवडेन. वादळाचा इशारा असेल तेव्हा मात्र रेडिओ. फीडवर कालचा भाग मिळतो, आत्ताचा वारा नाही.