रेहवाची महेश्वरी: पुण्य म्हणून नको, कापड बघून घ्या

इंदुरात ज्या मराठी घरात एकही महेश्वरी साडी नाही, असं घर शोधावं लागेल. त्यातल्या किती हातमागावरच्या, हा प्रश्न मात्र हळदीकुंकवाला विचारू नये. मानपानाच्या खरेदीत ‘महेश्वरी’ या नावावर यंत्रमागाचं कापड सर्रास खपतं आणि वरवर बघून ते ओळखू येत नाही. म्हणून महेश्वरच्या रेहवा सोसायटी या विणकामाच्या संस्थेबद्दल लिहिताना आधी कापडाबद्दल आणि मग संस्थेबद्दल लिहिलं आहे. संस्था चांगली आहे म्हणून घेतलेली साडी दुसऱ्या धुण्यात आक्रसली, तर संस्थेचं चांगलेपण नेसता येत नाही.

थोडी पार्श्वभूमी. अहिल्याबाईंनी राजधानी महेश्वरला नेली आणि बाहेरून विणकर आणून वसवले. मूळची महेश्वरी सुती आणि नऊवारी. विसाव्या शतकात संस्थानं गेली, यंत्रमाग आले आणि माग बंद पडत गेले. १९७८ साली रिचर्ड (शिवाजीराव) होळकर आणि सॅली होळकर यांनी रेहवा ही ना-नफा संस्था सुरू केली, ती मुख्यतः बायकांच्या हाताला विणकामाचं काम मिळावं म्हणून. रेवा म्हणजे नर्मदा, त्यावरून हे नाव. विक्रीतून उरणारा पैसा विणकरांची घरं, आरोग्य आणि मुलांची शाळा यांवर खर्च होतो. माग किल्ल्याच्या आवारातच आहेत आणि ते बघता येतात. साडी घेण्याआधी पंधरा मिनिटं तिथे उभं राहावं, पुढची सगळी पारख तिथे शिकून होते.

आजची नेहमीची महेश्वरी म्हणजे ‘नीम रेशमी’: ताणा रेशमाचा, बाणा सुताचा. ताण्याला साधारण २०/२२ डेनियरचं (डेनियर हे धाग्याच्या जाडीचं माप) बारीक रेशीम, बाण्याला ८० ते १२० नंबरचं सूत (नंबर मोठा तितकं सूत बारीक). ही जोडणी लक्षात ठेवली की साडी कशी वागते याचा अंदाज येतो. ताणा लांबीच्या दिशेने जातो, म्हणून साडी लांबीत फारशी आटत नाही. बाणा पन्ह्याच्या दिशेने असतो आणि सूत पाण्यात आटतं, म्हणून जे काय कमी व्हायचं ते उंचीत होतं. पन्हा साधारण ४५-४६ इंच. उंच बाईने घेताना तो मोजूनच घ्यावा, नाहीतर दोन धुण्यांनंतर घोटे दिसू लागतात आणि दोष धोब्यावर जातो.

काठ ही महेश्वरीची खरी ओळख. किल्ल्याच्या आणि घाटावरच्या दगडी नक्षीतले आकार काठांवर उतरले आहेत: चटई, ईंट, हिरा, लहर, रुईफूल, चमेली. ‘बुगडी’ काठ (कानातली बुगडी नव्हे) दोन्ही बाजूंनी सारखाच उठतो, त्यामुळे साडी उलटसुलट कशीही नेसता येते. पदरावर पाच पट्टे, तीन रंगीत आणि मधले दोन पांढरे, ही जुनी रीत. अंग साधं असेल तर चंद्रकला, पट्टे असतील तर चंद्रतारा. रंगांची नावं मराठी कानाला परकी नाहीत: डाळिंबी, गुलबक्षी, जांभळा, अंगुरी, तपकिरी. रेहवाचे रंग एकूण शांत असतात. लग्नात लांबून लखलखणारी साडी हवी असेल तर इथे निराशा होईल, आणि ते बरंच आहे.

आता पारख. ही कुठल्याही दुकानात करावी, रेहवातही करावी; विकणाऱ्याला राग येण्याचं कारण नाही.

साडी उजेडाकडे धरून दोन्ही किनारींशी बघा. विणताना कापड ताठ राहावं म्हणून एक आडवी पट्टी लावतात, तिच्या टोकांच्या सुया किनारीला रोवलेल्या असतात आणि कापड पुढे सरकलं की ती पट्टीही पुढे घेतात. त्यामुळे काठाशी ठरावीक अंतराने बारीक छिद्रं राहतात. ती हातमागाची खूण. मग काठ उलटा करा. यंत्रमागाच्या नकलेत मागच्या बाजूला सुटे धागे लोंबतात किंवा ते कापल्याची खरखर बोटाला लागते. बुगडी काठाची मागची बाजू पुढच्यासारखीच स्वच्छ असते.

अंगावर कुठेतरी एखादी फिकट आडवी रेघ दिसेल. विणकर उठून गेली, परत आली, ताण आणि ठोका किंचित बदलला, तिथे ती पडते. ती खोट नाही. खोट म्हणजे काय ते सांगते: ताण्याचा तुटलेला धागा न जोडता पुढे विणलं असेल तर बोटभर किंवा जास्त लांब उभी फट दिसते, आणि ती वाढत जाते. अशी साडी सवलतीत मिळाली तरी घेऊ नये. गाठी मागच्या बाजूला बारीक असतील तर चालतं, पुढच्या बाजूला पदरावर असतील तर बदलून मागावी.

धाग्याची परीक्षा पदराच्या टोकाशी, न विणलेल्या दशांजवळ करता येते. लांबीच्या दिशेचा एक धागा दशांतून घ्या आणि आडव्या दिशेचा एक विणीच्या कडेतून ओढून घ्या, आणि दोन्ही जाळून बघा. रेशीम जळताना केस जळाल्याचा वास येतो आणि काळी गोळी बोटात चुरगळते. सूत कागदासारखं जळून राख होते. वितळून टणक मणी झाला तर तो कृत्रिम धागा आहे आणि तुम्ही महेश्वरी घेत नाही आहात. रंगासाठी पांढरा रुमाल ओला करून काठाच्या आतल्या बाजूला घासा. लाल, काळा आणि गर्द निळा हे तीन रंग हमखास तपासावेत.

जरीचा काठ घेताना जर कसली आहे ते सरळ विचारा. हल्ली बहुतेक महेश्वरींत लागते ती खऱ्या चांदीची नसते आणि त्यात फसवणूकही नसते, फक्त दर त्याप्रमाणे असावा. टिश्यूची साडी घेऊ नका असंच सांगेन. सबंध अंगात जर असते, ती घडीवर मोडते, आणि तिथून सुरू झालेली चीर रफूला दाद देत नाही. रेहवाचं उत्तम काम साध्या अंगात आणि अरुंद काठात आहे. दोनच साड्या घ्यायच्या तर एक साधी चंद्रकला आणि एक बारीक चौकडीची घ्यावी.

किंमत महेश्वरच्या गल्लीतल्या दुकानापेक्षा जास्त पडते. साध्या काठाच्या साडीला मागावर तीन-चार दिवस जातात, बुट्टे भरले तर आठ-दहा. रंगवणं, ताणा भरणं, फणीतून एकेक धागा ओवणं हे त्याआधीचं. गल्लीतल्या विणकराकडे चांगलं कापड मिळत नाही असं मुळीच नाही, तिथेही पारख करून जरूर घ्या. फरक एवढाच की रेहवात निवड आधी झालेली असते आणि नफ्याचा धनी कोणी एक माणूस नसतो.

मागणी नोंदवून साडी करून घेणाऱ्यांसाठी एक अडचण आधीच सांगायला हवी. एका ताण्यावर एक नव्हे, अनेक साड्या निघतात. म्हणून ‘मला एकच साडी, अमुकच रंगात’ हे सहसा जमत नाही. जमतं ते असं: मागावर चढलेल्या ताण्यावर बाण्याचा रंग बदलून घेणं. त्यातून धूपछाँव अंग मिळतं, आणि डाळिंबी ताण्यावर अंगुरी बाणा वगैरे प्रकार फार सुरेख उतरतात. दोघी जावांना सारखीच साडी हवी असेल तर एकाच ताण्यावरच्या मागा. वेगवेगळ्या घाण्यांत रंगलेलं सूत दुकानातल्या दिव्याखाली सारखं वाटतं आणि मांडवात उन्हात वेगळं दिसतं. नऊवारी हवी तर ताणा चढण्यापूर्वी सांगावं लागतं. तयार साडी सहसा साडेपाच मीटर आणि वर सुमारे ८० सेंटिमीटर ब्लाउजपीस अशी असते.

फॉलबद्दल. शिंपी घाईत न भिजवलेला फॉल लावतो. साडी लांबीत आटत नाही, फॉल आटतो, आणि पहिल्या धुण्यानंतर काठ सबंध चुण्या पडून वर उचलला जातो. सुती फॉल घ्या, रात्रभर पाण्यात ठेवा, वाळवून इस्त्री करा, मगच लावायला द्या, आणि टाके हातचे, सैल. बुगडी काठाला फॉल लावला की उलटसुलट नेसायची सोय गेली, हेही ठरवूनच करा. निऱ्यांना वजन हवं असेल तर लावावा, नाहीतर नुसतं पिको पुरे.

पहिली दोन-तीन धुणी ड्रायक्लीन. नंतर थंड पाण्यात, सौम्य साबणाने, न पिळता, सावलीत. भिजत घालून विसरू नका; काठाचा रंग अंगावर उतरतो तो बहुतेक वेळा याच कारणाने. कांजी अगदी पातळ, कारण जाड कांजीने घडीवर रेशीम तुटतं. खांद्यावर सगळे पदर एकाच पिनेत अडकवले की ताण्याचे धागे सरकून जाळी पडते; पिनेखाली कापडाचा छोटा तुकडा घ्यावा. अत्तर, फवारा आणि डांबरगोळ्या जरीपासून लांब. मलमलीत गुंडाळून ठेवावी आणि तीन-चार महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या रेषेवर घालावी.

जाण्याबद्दल: इंदूरहून आग्रा-मुंबई रस्त्याने महू, मानपूर, घाट उतरून धामणोद, तिथून डावीकडे वळून १२-१३ किलोमीटर. एकूण ९०-९५ किलोमीटर, दोन ते अडीच तास. पावसाळ्यात जाम घाटाने मंडलेश्वरमार्गे जाता येतं. वर जाम दरवाजा आहे, धुकं असलं तर दरी दिसणार नाही पण कणसं मिळतील. पोहे-जिलेबी खाऊन सकाळीच निघा, कारण रंग बघायचा तो दिवसाच्या उजेडात. मागांना आठवड्याची सुटी असते, तेवढी निघण्याआधी विचारून घ्यावी. खादीची आवड असेल तर महेश्वरातच विमेनवीव्ह ही दुसरी संस्था आहे, २००३ साली सॅली होळकरांनीच सुरू केलेली. त्यांच्या ‘गुडी मुडी’ उपक्रमात हातकताईच्या सुताचे दुपट्टे आणि कापड होतं. ते जाडसर, सुरकुतलेलं असतं. महेश्वरीची तलम चमक त्यात शोधू नये.

आणि हिशेबाची एक गोष्ट, कारण हा घोटाळा मार्चमध्ये नेहमी होतो. साडीचं बिल ही देणगीची पावती नाही. कोणत्याही ना-नफा संस्थेकडून वस्तू विकत घेतली तर ती खरेदीच, आयकरात तिची वजावट मिळत नाही. देणगी वेगळी द्यायची असेल तर संस्थेला देणगीवरच्या वजावटीची (‘८०-जी’ म्हणून ओळखली जाणारी) मान्यता चालू आहे का ते विचारा, रोख २,००० रुपयांच्या वर देऊ नका (त्यावर वजावट नाही), आणि नव्या करपद्धतीत असाल तर ही सूट तुम्हाला लागूच नाही. तेव्हा द्यायचं ते शाळेसाठी द्या, करसवलतीसाठी नको.

साडी घरी आली की पदराच्या दशा शिंप्याला कापून टाकू देऊ नका. गोंडे करायचे नसतील तर त्या धाग्यांची एक लड आणि ब्लाउजपीसच्या कडेचं चार बोटं कापड पाकिटात घालून साडीबरोबरच ठेवा. पुढे कधी रफू करायची वेळ आली तर त्याच घाण्यात रंगलेलं रेशीम आणि सूत दुसरीकडे कुठेच मिळत नाही.